बातमीचा दिवस आणि तंबाखूची वर्षे

वृत्तपत्राचे आयुष्य एका दिवसाचे असते आणि तंबाखूचे काम वीस-तीस वर्षे चालते, या एका विसंगतीत प्रस्तुत प्रकरणाचा बहुतेक विषय सामावलेला आहे. कसारा घाटात एखादी बस दरीत कोसळली, तर दुसऱ्या दिवशीच्या अंकाचे पहिले पान त्या वार्तेने व्यापले जाते, मंत्र्यांचे दौरे होतात, चौकशीचे हुकूम सुटतात. परंतु परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाच्या दारात पहाटेपासून जी रांग लागते, आणि जिच्यातील कित्येकांच्या गालातील वा जिभेवरील व्रणाचा उगम त्यांनी कुमारवयात कोणा मित्राच्या तळहातावरून उचललेल्या चिमूटभर तंबाखूत असतो, ती रांग काल होती, आज आहे आणि उद्याही असणार आहे, एवढ्याच कारणाने ती बातमी ठरत नाही. यात बातमीदाराचा दोष काढणे सोपे असले तरी ते न्यायाचे होणार नाही. नित्य घडणाऱ्या गोष्टीस बातमी न म्हणणे हा त्याच्या व्यवसायाचा मूळ शिरस्ता आहे, आणि तो मोडावा अशी त्याला विनंती करण्यापेक्षा, त्या शिरस्त्यात बसेल असे निमित्त त्याच्या हाती देणे हेच तंबाखूविरुद्ध झटणाऱ्या वैद्याचे, समाजसेवकाचे आणि सरकारी अधिकाऱ्याचे खरे काम आहे.

खेदाची गोष्ट अशी की, वृत्तपत्राचा हा स्वभाव वैद्यांच्या आधी तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी ओळखला. १९५० साली इंग्लंडात डॉल आणि हिल यांनी, व त्याच वर्षी अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी, फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांचा निकट संबंध दाखवणारे निबंध प्रसिद्ध केले. पण ते वैद्यकीय नियतकालिकांत आले, आणि अशी नियतकालिके सामान्य माणूस वाचत नसल्यामुळे सिगारेटच्या खपाला त्यांची फारशी झळ पोहोचली नाही. खळबळ उडाली ती डिसेंबर १९५२ मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’ या घरोघरी जाणाऱ्या मासिकाने, जे तंबाखूची जाहिरात घेत नसे त्याने, हीच माहिती सोप्या भाषेत आणि ठसठशीत मथळ्याखाली छापली तेव्हा. पुढच्याच वर्षी, उंदरांच्या पाठीवर सिगारेटच्या धुराचे डांबर लावल्याने गाठी उत्पन्न झाल्याचे विंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले, आणि कंपन्यांचे धाबे दणाणले.

डिसेंबर १९५३ च्या मध्यास न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात अमेरिकेतील प्रमुख सिगारेट कंपन्यांचे अध्यक्ष एकत्र जमले आणि त्यांनी जॉन हिल या जनसंपर्काच्या व्यवसायातील निष्णात गृहस्थास पाचारण केले. हिल पूर्वाश्रमीचा पत्रकार होता, आणि संपादकाच्या मेजावर काय टिकते व काय केराच्या टोपलीत जाते, याचे त्यास उत्तम ज्ञान होते. धूम्रपानाने अपाय होत नाही असे ठासून सांगू नका, तर या विषयात अजून मतभेद आहे एवढेच सांगत राहा, हा त्याच्या योजनेचा गाभा होता. त्याप्रमाणे ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील ४०० हून अधिक वृत्तपत्रांत कंपन्यांचे एक प्रामाणिक वाटणारे निवेदन पूर्ण पानभर झळकले. त्यात लोकांच्या आरोग्यास आपण धंद्यापेक्षा श्रेष्ठ मानतो असे आश्वासन होते आणि संशोधनासाठी एक स्वतंत्र समिती नेमल्याची घोषणाही होती. या समितीचा खरा उपयोग प्रयोगशाळेत फारसा झाला नाही. तो झाला वृत्तपत्रांच्या कचेरीत. कर्करोगाविषयी कोणतेही नवे संशोधन बाहेर पडले की त्याच संध्याकाळी समितीतर्फे एखाद्या नामांकित शास्त्रज्ञाचा प्रतिकूल अभिप्राय संपादकाच्या हाती पडावा आणि सकाळच्या अंकात दोन्ही बाजू शेजारी-शेजारी छापल्या जाव्यात, अशी ही व्यवस्था होती.

दोन्ही बाजू मांडणे हा पत्रकारितेचा सद्गुण आहे, आणि नेमका त्याच सद्गुणाचा येथे उपयोग करून घेण्यात आला, हे या इतिहासातील सर्वांत बोधप्रद स्थान होय. एडवर्ड मरो हा त्या काळचा अमेरिकेतील सर्वाधिक विश्वासार्ह दूरचित्रवाणी-पत्रकार. सिनेटर मॅकार्थी याच्या दडपशाहीविरुद्ध १९५४ मध्ये त्याने दाखवलेले धैर्य आजही पत्रकारितेच्या वर्गांत शिकवले जाते. त्याने १९५५ मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग या विषयावर दोन भागांचा कार्यक्रम सादर केला, तेव्हा हिलच्या माणसांनी आधीच त्याची भेट घेऊन समतोल राखण्याचा आग्रह धरला होता, आणि कार्यक्रम पाहून उठणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात निर्णयापेक्षा संभ्रमच अधिक उरला. मॅकार्थीच्या बाबतीत ज्याने दोन्ही पारड्यांत सारखे वजन घालण्याचे नाकारले, त्याच पत्रकारास येथे मात्र ते घालावे लागावे, याचे कारण मला असे दिसते की राजकारणातील असत्य ओळखण्याची त्याला सवय होती, परंतु आकडेशास्त्राच्या वेषात आलेले असत्य त्याला नवखे होते. मरो स्वतः अखंड सिगारेट ओढीत असे. एप्रिल १९६५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले.

वृत्तपत्रांच्या स्वभावानुसार बातमी हाती देण्याची ही कला शास्त्राच्या बाजूला उशिरा साधली, पण साधली तेव्हा चांगलीच साधली. अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांच्या समितीचा धूम्रपानविषयक अहवाल ११ जानेवारी १९६४ रोजी प्रसिद्ध झाला, तो दिवस शनिवार होता. त्या दिवशी शेअर बाजार बंद असल्यामुळे कंपन्यांच्या भागांच्या किमती एकाएकी कोसळण्याचे भय नव्हते, आणि रविवारच्या जाड अंकांत भरपूर जागा मिळणार होती. वॉशिंग्टनमधील सभागृहात बातमीदारांना बसवून दारे बंद करण्यात आली, प्रत्येकाच्या हाती अहवाल देण्यात आला, वाचावयास वेळ देण्यात आला, आणि त्यानंतर समितीचे सभासद प्रश्नांना उत्तरे देण्यास सामोरे आले. कोणाही एका पत्रास आधी कानगोष्ट सांगून बाकीच्यांना रुष्ट न करणे आणि मजकूर समजून घेण्याइतकी उसंत देणे, या साध्या दिसणाऱ्या दोन गोष्टींत त्या दिवसाच्या यशाचे रहस्य होते. आपल्याकडील कित्येक संस्था सायंकाळी सहा वाजता चाळीस पानांचे इंग्रजी टिपण वार्ताहराच्या हाती ठेवून साडेसातला त्याच्याकडून मराठी बातमीची अपेक्षा करतात, आणि दुसऱ्या दिवशी ती आतल्या पानावर चार ओळींत आली म्हणून कुरकुरतात, त्यांनी हे ध्यानात घेतल्यास बरे.

वृत्तपत्राच्या जमाखर्चाचा मामला याहून अवघड आहे, कारण तो शहाणपणाने सुटत नाही. वॉर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ९९ नियतकालिकांचे सुमारे २५ वर्षांचे अंक तपासून १९९२ मध्ये जो निष्कर्ष काढला तो असा की, सिगारेटची जाहिरात न घेणाऱ्या नियतकालिकात एका वर्षात धूम्रपानाच्या धोक्यावर लेख येण्याची शक्यता ११.९ टक्के होती, तर जाहिरात घेणाऱ्यांत ती ८.३ टक्के होती. आणि केवळ स्त्रियांच्या मासिकांचा विचार केला तर हे अंतर ११.५ आणि ५ टक्के इतके रुंद होते. कोणा संपादकास कोणी फर्मान काढले असेल असे नव्हे. ज्या घरचे मीठ खाल्ले त्याविषयी बोलताना जीभ जरा जड होते, इतकाच त्याचा अर्थ. भारतात २००३ च्या अधिनियमाने तंबाखूच्या जाहिरातीस बंदी घातली आणि ती तरतूद १ मे २००४ पासून अंमलात आली. तरी पहिल्या पानावर नटनट्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांसह वेलदोड्याच्या वा पानमसाल्याच्या ज्या पुड्या झळकतात, त्यांच्यावरील नाव वाचकाला वेलदोड्यापुरतेच ठाऊक असते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. अशी आडवळणाची जाहिरात त्याच अंकात छापणाऱ्या संपादकाकडे तंबाखूविरोधी लेख घेऊन जाताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे, पण जावेच. बातम्या देणाऱ्यांचा विभाग आणि जाहिरातींचा विभाग हे एकाच छपराखाली असले तरी बहुधा त्यांची आपसांत फारशी प्रीती नसते, आणि हे तंबाखूनियंत्रणाच्या दृष्टीने सुचिन्ह आहे.

जाहिरात बंद झाली तरी बातमीच्या रूपाने नाव छापून आणता येते, हेही कंपन्यांना ठाऊक होते. एका सिगारेटच्या नावाने वर्षानुवर्षे शौर्याची पारितोषिके दिली जात, राज्यपाल वा मंत्री ती प्रदान करीत, आणि बुडणाऱ्या मुलास वाचवणाऱ्या धाडसी माणसाच्या छायाचित्रासह त्या सिगारेटचे नाव बिनखर्चाने छापले जाई. क्रिकेटचे तर विचारावयासच नको. १९९५ सालच्या भारत-न्यूझीलंड मालिकेस एका सिगारेटच्या नावाचे प्रायोजन होते. तिच्यानंतर गोव्यातील डॉ. शरद वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांची पाहणी करून १९९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जो निबंध लिहिला, त्यात सामने पाहिलेल्या मुलांचा सिगारेट ओढून पाहण्याकडे अधिक कल दिसून आला. गोव्याने १९९७ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास आणि थुंकण्यास बंदी करणारा कायदा केला, त्यामागे वैद्यांची अशीच अथक धडपड होती. क्रीडापानाचा बातमीदार आणि आरोग्याचा बातमीदार हे निराळे, आणि पहिल्याच्या दृष्टीस तंबाखू हा आपला विषयच नाही असे वाटते. म्हणून या कार्यातील माणसाने केवळ आरोग्यपानाशी ओळख ठेवून भागत नाही. अर्थसंकल्पाच्या दिवशी कराची बातमी लिहिणारा, न्यायालयात बसणारा, शेतीबाजाराचे भाव देणारा, हे सारेच त्याचे बातमीदार होत.

आता आपल्याकडील ज्या प्रसंगाने वृत्तपत्र आणि वैद्य यांचा मेळ खऱ्या अर्थाने कसोटीस लागला, तो सविस्तर सांगतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिसूचना काढून, तंबाखूच्या वेष्टनाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापावा असे ठरवले आणि त्यासाठी १ एप्रिल २०१५ ही मुदत दिली. पूर्वी हा इशारा एकाच बाजूवर आणि ४० टक्के होता. मुदत संपण्यास काही दिवस उरले असता, लोकसभेच्या अधीनस्थ विधिविधान समितीने हा निर्णय तहकूब ठेवावा अशी शिफारस केली, आणि समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी यांनी, तंबाखूने कर्करोग होतो असे दाखवणारे भारतीय सर्वेक्षण झालेलेच नाही, सारे अभ्यास परदेशातले आहेत, अशा आशयाचे विधान केले. सरकारने अंमलबजावणी लांबणीवर टाकली.

हे विधान ज्या देशात झाले त्याच देशात, मुंबईत, वसंत रामजी खानोलकर या मराठी विकृतिशास्त्रज्ञाने टाटा रुग्णालयातील मुखाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांची पाहणी करून १९४४ मध्येच निबंध प्रसिद्ध केला होता. आणि संघवी, राव व खानोलकर यांनी तंबाखू खाणे आणि ओढणे यांचा घशाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला होता. साठ-सत्तर वर्षे हे पुरावे दप्तरात बिनतक्रार पडून होते, आणि ते नाहीतच असे लोकप्रतिनिधीने म्हणेपर्यंत मराठी वा हिंदी वाचकाला त्यांची दखल घेण्याचे निमित्तच मिळाले नव्हते. ते निमित्त आता आयते मिळाले. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. पंकज चतुर्वेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूपीडित रुग्णांचा आवाज वृत्तपत्रांपर्यंत पोहोचवण्याची चळवळ आधीपासून चालवली होती. बातमीदारांचे आणि त्यांचे परिचय जुने होते, आकडे व निबंध तयार होते, बोलावयास राजी असलेले रुग्ण होते. त्याच समितीतील एक सभासद, अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता, हे स्वतः विडीच्या मोठ्या व्यवसायाचे मालक असल्याची बाब पत्रकारांनी उजेडात आणली, आणि प्रश्न वैद्यकाचा न राहता हितसंबंधांचा झाला. हितसंबंधांचा वास आला की राजकीय बातमीदाराचे कान टवकारतात. आरोग्यपानावरचा विषय एका दिवसात पहिल्या पानावर गेला.

सरकारच्याच तंबाखूविरोधी जाहिरातीत जिचा चेहरा देशाने पाहिला होता, त्या मध्य प्रदेशातील अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या स्त्रीने गांधी यांच्या विधानाने व्यथित होऊन पंतप्रधानांना पत्र लिहिले, आणि नवे इशारे ज्या दिवशी लागू व्हावयाचे होते त्याच दिवशी, १ एप्रिल २०१५ रोजी, ती मरण पावली. या घटनेवर कोणत्याही संपादकास भाष्य लिहावे लागले नाही.

पुढे राजस्थान उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली, सरकारने सप्टेंबरात नवी तारीख दिली, आणि समितीने मार्च २०१६ मध्ये ५० टक्क्यांवर तडजोड सुचवली तरी १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के इशारे वेष्टनांवर आले. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला, तर जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. या तीन वर्षांत बातमीचा धागा तुटला नाही याचे श्रेय एका दिवसाच्या क्षोभाला नाही. दर सुनावणीस आधी टिपण पाठवणाऱ्या, तारीख चुकली तरी पुन्हा आठवण करणाऱ्या कोणा निरलस माणसांना ते आहे, आणि त्यांची नावे वृत्तपत्रात सहसा येत नाहीत.

रुग्णाचा चेहरा ही या कार्यातील सर्वांत प्रभावी आणि म्हणूनच सर्वांत जपून वापरावयाची गोष्ट होय. भुसावळचा एक तरुण, जो २००९ मध्ये चोवीस वर्षांचा असताना मुखाच्या कर्करोगाने गेला, त्याची कहाणी चित्रपटगृहांत खेळाआधी इतक्या वेळा दाखवण्यात आली की तरुण प्रेक्षक ती तोंडपाठ म्हणू लागले आणि पुढे तिचे विनोदही निघाले. पुनरावृत्तीने भयाचे हास्यात पर्यवसान होणे हा मनुष्यस्वभाव आहे आणि त्याबद्दल रागावून उपयोग नाही. पण ज्या घरातील मुलगा त्या पडद्यावर रोज पुन्हा मरत असे, त्या घराचा विचार करणाऱ्यास हे हास्य बोचल्याशिवाय राहणार नाही. यास्तव रुग्णास पत्रकारापुढे नेण्याआधी त्याची संमती एका सहीपुरती घेऊ नये. छायाचित्र कोठे छापले जाईल, मुलीच्या लग्नाच्या बोलणीत ते आडवे येईल काय, हे सारे त्याच्या घरच्या माणसांशी बसून बोलावे, आणि नकार आला तर तो मुकाट्याने मान्य करावा.

बातमीदाराला आपल्या गावचा आकडा हवा असतो, आणि तोही अलीकडचा. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. परंतु त्यातही धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, आणि तंबाखू खाणारे वा मशेरी लावणारे २४.४ टक्के. याचा अर्थ असा की, पाश्चात्य धर्तीवर सिगारेटचे चित्र घालून लिहिलेला लेख महाराष्ट्रातील बहुसंख्य तंबाखूसेवकांना आपल्याविषयीचा वाटतच नाही. विदर्भातील खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातील मावा, स्वयंपाकघरातील चुलीशेजारच्या तव्यावर भाजली जाणारी मशेरी, हेच येथले खरे विषय, आणि तालुक्याचा वार्ताहर त्यांची नावे, भाव व विक्रीच्या जागा मुंबईच्या तज्ज्ञापेक्षा कितीतरी अधिक जाणतो.

तोच वार्ताहर एक अवघड प्रश्नही विचारतो: निपाणीच्या तंबाखू-शेतकऱ्याचे आणि सोलापूर-सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बाईचे काय करणार? १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या शेतकऱ्यांनी भावासाठी जे आंदोलन केले, त्याची स्मृती त्या भागात अजून जिवंत आहे. कंपन्या हा प्रश्न ढाल म्हणून पुढे करतात हे खरे, पण म्हणून तो प्रश्न खोटा ठरत नाही. त्याला टाळाटाळीचे उत्तर देणारा कार्यकर्ता पुन्हा त्या वार्ताहराच्या विश्वासास पात्र होत नाही. दिवसाला हजार विड्या वळूनही जिचे घर चालत नाही, तिची कैफियत आधी ऐकून मगच तंबाखूविषयी बोलणारा त्या विश्वासास पात्र होतो.

वार्ताहराशी जोडावयाच्या या नात्याच्या संदर्भात गुटख्याच्या बातम्यांचे उदाहरण घेण्याजोगे आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये ती पुन्हा आली, आणि हुकमाची मुदत एका वर्षाची असल्याने दरवर्षी नव्याने काढली जाते. तेव्हापासून जिल्हा आवृत्तीत आठवड्याआड एक मथळा ठरलेला असतो: अमुक नाक्यावर टेम्पो पकडला, इतक्या लाखांचा गुटखा जप्त. पोलिसांनी पुरवलेली ही बातमी खरी असते आणि तरी अपुरी असते, कारण माल कोणत्या कारखान्यातून निघाला, प्रयोगशाळेने काय सांगितले, खटला कोणत्या न्यायालयात उभा राहिला आणि त्याचे झाले काय, हे तीत कधीच नसते. या कार्यातील शहाण्या माणसाने अशा वर्षभराच्या दहा कात्रणांची चवड तालुक्याच्या वार्ताहरापुढे ठेवावी आणि माहितीच्या अधिकाराखालील अर्ज त्याच्यासह बसून लिहावा. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये फी लागते, विषय एकच असावा लागतो आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवावा लागतो, म्हणून दहा जप्त्यांसाठी बहुधा दहा अर्ज करावे लागतील. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. ते आले नाही तर पहिले अपील त्याच खात्यातील वरिष्ठाकडे करावयाचे असते, आणि अपील करावे लागले, ही बातमी वार्ताहर त्याच दिवशी पाठवू शकतो.